अर्धा किलोचा हिशेब : तोयोओकाच्या बलाकांचं प्रकरण

एका प्रौढ बलाकाला (इंग्रजीत स्टॉर्क) दिवसाला साधारण पाचशे ग्रॅम खाणं लागतं. मासे, बेडूक, पाणसाप, नाकतोडे, चोचीत येईल ते. बहुतेक जिवंत, आणि बहुतेक उथळ पाण्यातलं. घरट्यात तीन-चार पिल्लं असली की हा आकडा कुठल्या कुठे जातो. जपानमधून नाहीसा झालेला हा पक्षी तोयोओकामध्ये परत आणला गेला, तेव्हाच्या गोष्टीत पहिलं उड्डाण, राजघराण्यातले पाहुणे आणि टाळ्या हमखास येतात. मला मात्र या प्रकरणाचा कणा तो अर्धा किलो वाटतो. पक्षी जगवणं, वाढवणं, सोडणं यावर प्रकल्पाची चाळीस वर्षं गेली. पण सोडलेला पक्षी दुसऱ्या दिवशी सकाळी काय खाणार, या प्रश्नाचं उत्तर प्रजनन केंद्रात नव्हतं. ते शेतकऱ्याच्या बांधावर होतं.

तोयोओका हे ह्योगो प्रांताच्या उत्तरेचं, जपानच्या समुद्राकडच्या बाजूचं शहर. चहूबाजूंनी डोंगर, मधून मारुयामा नदी, नदीच्या दोन्ही अंगांना भातखाचरं. नदीला उतार इतका कमी की आलेलं पाणी लवकर जायचं नाव घेत नाही. पूर इथे घरचाच. माणसाच्या दृष्टीने ही कटकटीची जमीन, लांब पायांच्या पक्ष्याला मात्र मांडून ठेवलेलं ताट.

पक्षी आपल्या चित्रबलाकाच्या आणि मुग्धबलाकाच्या कुळातला. शास्त्रीय नाव सिकोनिया बॉयसियाना, जपानीत कोनोतोरी. अंग पांढरं, पंखांची कड काळी, चोच काळी आणि दणकट, पंख पसरले की दोन मीटर. प्रौढ पक्ष्याला आवाज नाही, तो चोच वाजवतो. आज जगात हे पक्षी काही हजारच आहेत आणि त्यांची मुख्य वीण रशियाच्या अमूर खोऱ्यात आणि ईशान्य चीनमध्ये होते.

इथे नावाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण ही भानगड शेवटी पुन्हा येणार आहे. आपण करकोचा हा शब्द जसा सैल वापरतो, कधी बलाकासाठी तर कधी क्रौंचासाठी (इंग्रजीत क्रेन), तसाच घोळ जपानी माणसानेही घातला. क्रौंचाला ते त्सुरू म्हणतात, आणि तो तिथला शुभ पक्षी. पाइनच्या शेंड्यावर उभा असलेला त्सुरू जुन्या चित्रांत जागोजागी दिसतो. पण तिथले क्रौंच झाडावर बसत नाहीत, त्यांचं मागचं बोट फांदी पकडण्याच्या कामाचं नसतं. झाडावर बसतो आणि घरटं बांधतो तो बलाक. तोयोओकाजवळच्या इझुशीमध्ये ज्या टेकडीवर बलाकांची घरटी होती तिचं नावही त्सुरुयामा, म्हणजे क्रौंचांची टेकडी. १९२१ मध्ये ती टेकडी बलाकांच्या विणीची जागा म्हणून संरक्षित झाली. नाव तेच राहिलं.

पक्षी कसा गेला

एका फटक्यात गेला नाही. एदो काळात, म्हणजे शोगुनांच्या राजवटीत, शिकारीवर बंधनं होती. १८६८ नंतर राज्यव्यवस्था बदलली, बंदुका गावोगाव पोचल्या आणि एवढा मोठा, पांढरा, मंद चालीचा पक्षी सोपं लक्ष्य ठरला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कायद्याने शिकार थांबली, तोवर देशाच्या बहुतेक भागांतून तो संपला होता. तोयोओकाच्या खोऱ्यात तो टिकला, काही काळ वाढलासुद्धा. मग दुसऱ्या महायुद्धात लाकडासाठी डोंगरांवरचे जुने पाइन तोडले गेले आणि घरट्यांची झाडं गेली.

शेवटचा घाव युद्धानंतरच्या शेतीचा. भातावरच्या करप्यासाठी पारायुक्त बुरशीनाशकं फवारली जाऊ लागली. खाचरांची आखणी नव्याने झाली, म्हणजे लहान वाकडीतिकडी खाचरं जाऊन मोठी चौकोनी आली, मातीचे पाट जाऊन खोल काँक्रीटचे नाले आले. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे वरदानच होतं. कंबरभर चिखलात लावणी करणाऱ्या पिढीला कोरडी होऊ शकणारी जमीन म्हणजे काय, हे बाहेरच्याने सांगायची गरज नाही. पण पूर्वी नाल्यातून खाचरात सहज चढणारा लोच मासा आणि मागूर आता नाल्याच्या तळाशी अडकला. वर खाचर, खाली नाला, मधे उभी भिंत. बलाकाचं ताट दोन्ही बाजूंनी ओढलं गेलं: खाणं कमी झालं आणि जे उरलं त्यात पारा होता. मेलेल्या पक्ष्यांच्या शरीरात तो सापडला.

याच काळातलं एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. १९६० साली इझुशी नदीत काढलेलं. उथळ पाण्यात एक बाई, सात गाई आणि बारा बलाक, एकमेकांची फारशी दखल न घेता. माणूस आणि पक्षी कसे एकत्र राहत होते याचा पुरावा म्हणून ते आजही दाखवलं जातं. मला त्यात वेगळंच काहीतरी दिसतं. त्या बारा पक्ष्यांची वीण तेव्हा जवळपास थांबत आली होती. जंगलातलं शेवटचं पिल्लू घरट्यातून उडालं १९६१ मध्ये, म्हणजे छायाचित्रानंतर एका वर्षाने. दीर्घायुषी पक्ष्यांच्या बाबतीत ही फसगत नेहमीची. मोठे पक्षी दिसत राहतात, म्हणून सगळं ठीक चाललंय असं वाटतं. प्रत्यक्षात मागून कोणीच येत नसतं.

चोवीस वर्षं आणि एकही पिल्लू नाही

संरक्षणाची चळवळ १९५५ मध्ये सुरू झाली, आणि ती सुरू करणारे लोक काही आळशी नव्हते. पक्ष्यांना त्रास देऊ नका, शांत राहू द्या, अशी मोहीम निघाली. त्यांच्या खाण्यासाठी माणशी एक लोच द्या, असंही आवाहन झालं आणि लोकांनी मासे आणून दिले. १९५६ मध्ये पक्ष्याला विशेष नैसर्गिक वारशाचा दर्जा मिळाला. यातल्या एकाही उपायाने फवारणी थांबली नाही. माणशी एक लोच गोळा करणारं गाव आपल्याच शेतात लोच मारत होतं, हे कुणाच्या लक्षात आलं नसेल असं मला वाटत नाही. पण त्या काळात भाताचं उत्पादन वाढवणं हे देशाचं काम होतं, त्यापुढे पक्ष्याचं काय चालणार?

१९६५ मध्ये एक जंगली जोडी पकडून पिंजऱ्यात ठेवली गेली. नंतर आणखी पक्षी आले, काही अंडी गोळा झाली. मे १९७१ मध्ये तोयोओकातला शेवटचा जंगली बलाक जखमी अवस्थेत पकडला गेला आणि मेला. त्या दिवसापासून हा पक्षी जपानच्या रानातून विणीचा पक्षी म्हणून संपला.

पिंजऱ्यातली कथाही फारशी वेगळी नव्हती. मात्सुशिमा कोजिरो या तरुणाने पहिल्या दिवसापासून पक्ष्यांची देखभाल केली. वर्षामागून वर्षं मादी अंडी घाली आणि अंडी फुटत नसत. काही फलितच नसत, काहींत गर्भ मरून जाई. शरीरात साचलेलं विष पिंजऱ्याच्या जाळीबाहेर थोडंच राहतं? शिवाय बलाकाची जोडी जुळवणं हे स्वतंत्र दुखणं. नर आणि मादी दिसायला सारखे, एकमेकांना पसंत पडले नाहीत तर चोचीने जिवावर उठतात. दोन पक्षी एका पिंजऱ्यात सोडले की जोडी झाली, असं नसतं.

१९८५ मध्ये रशियाच्या खाबारोव्स्कहून सहा तरुण पक्षी आले. ते स्वच्छ पाणथळीत जन्मलेले, अंगात विषाचा साठा नसलेले. पुढच्याच वर्षी, १९८६ मध्ये, तोयोओकाच्या मूळ वंशाचा शेवटचा पाळीव पक्षी मेला. १९८८ मध्ये तोक्योच्या तामा प्राणिसंग्रहालयात चीनहून आलेल्या पक्ष्यांना पिल्लं झाली, ती देशातली पहिली यशस्वी बंदिस्त वीण. १९८९ मध्ये तोयोओकातही खाबारोव्स्कच्या पक्ष्यांना पिल्लं झाली. म्हणजे १९६५ पासून चोवीस वर्षं.

या चोवीस वर्षांचं कौतुक चिकाटी म्हणून होतं, ते योग्यच. पण काम करणाऱ्याने त्यातून दुसरी गोष्ट उचलावी. पक्षी पकडायचा निर्णय उशिरा झाला. जेव्हा झाला तेव्हा पकडलेले पक्षी आधीच विषाने भरलेले आणि म्हातारे होते. पुनर्स्थापनेत बंदिस्त वीण हा विमा असतो, आणि विमा घर जळायला लागल्यावर काढून उपयोग नाही.

परत आणलेला पक्षी तोच का, हा प्रश्न मग येतोच. वंश तोयोओकाचा नाही, अमूरकाठचा आहे. कागदावर आक्षेप खरा आहे. पण हा पक्षी समुद्र ओलांडून येणारा-जाणारा आहे. पुढे २०१४ मध्ये तोयोओकात जन्मलेली एक मादी उडत उडत दक्षिण कोरियात पोचली आणि तिथे लोकांनी तिचं बारसंही केलं. देशांच्या सीमा नकाशावर पक्क्या असतात, बलाकांच्या वंशात तेवढ्या पक्क्या नसाव्यात.

पिंजरा भरला, बाहेर काय?

१९८९ नंतर दरवर्षी पिल्लं होऊ लागली आणि प्रकल्पाची अडचण पालटली. आता पक्षी होते, जागा नव्हती. पुनर्स्थापनेच्या कामातलं सर्वांत धोक्याचं वळण मला हेच वाटतं. पिंजरे भरत जातात, खर्च वाढतो, वर्तमानपत्रं विचारतात कधी सोडणार, आणि पक्षी सोडून मोकळं व्हायचा मोह होतो. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेच्या १९९८ च्या पुनर्स्थापनेच्या मार्गदर्शक सूचना याबाबत स्पष्ट आहेत: पक्षी ज्या कारणाने गेला ते कारण आधी शोधा आणि दूर करा, मग सोडा. पण तोयोओकात ते कारण म्हणजे अख्खी शेतीपद्धत होती. ती दूर कशी करणार?

१९९९ मध्ये ह्योगो प्रांताने बलाकांसाठी मोठं केंद्र उघडलं. पिंजरे होतेच, पण बरोबर संशोधक होते, आणि केंद्राच्या आवारात डोंगर, ओढा, खाचरं होती. २००१ मध्ये महापौर झालेल्या नाकागाई मुनेहारू यांनी हा विषय नगरपालिकेच्या कामाच्या मधोमध आणला. २००२ मध्ये पाळीव पक्ष्यांची संख्या शंभरावर गेली. त्याच वर्षी योजनेत कुठेच नसलेली गोष्ट घडली.

५ ऑगस्ट २००२ रोजी एक जंगली बलाक स्वतःहून तोयोओकात उतरला. आठव्या महिन्यातली पाच तारीख, म्हणून आठ आणि पाच या जपानी आकड्यांवरून त्याचं नाव पडलं हाचिगोरो. तो मुक्कामाला राहिला, अगदी २००७ मध्ये मरेपर्यंत. संशोधकांनी त्याच्या मागे फिरून टिपणं काढली: कुठल्या महिन्यात तो कुठे उतरतो, काय खातो, कुठे टिकतो आणि कुठून लगेच उठतो. भाताच्या दिवसांत खाचरं, इतर वेळी नदी आणि पाणथळ, असा त्याचा वर्षाचा फेरा हळूहळू कळत गेला. समित्यांनी कागदावर आखलेल्या अधिवासाच्या नकाशापेक्षा या एका पक्ष्याचं फिरणं जास्त कामाचं ठरलं. २००५ मध्ये तो नदीच्या मुखाजवळच्या तोशिमा इथल्या पाणावलेल्या खाचरांत उतरू लागला. ती जागा पुढे राखली गेली आणि २००९ मध्ये त्याच्याच नावाने पाणथळ म्हणून खुली झाली. कोणती जमीन राखायची हे पक्ष्याने दाखवून दिल्याची इतकी सरळ उदाहरणं फार सापडत नाहीत.

पाणी कधी तोडायचं

आता त्या अर्ध्या किलोकडे येऊ. भाताची लावणी झाली, रोपं धरली, फुटवे फुटले की उन्हाळ्याच्या मध्यावर शेतकरी खाचरातलं पाणी काढून टाकतो आणि जमीन भेगाळेपर्यंत वाळवतो. त्याला कारण आहे. जास्तीचे फुटवे थांबतात, मुळं खोल जातात, आणि कापणीच्या वेळी यंत्र चिखलात रुतत नाही. पण नेमक्या त्याच दिवसांत खाचर बेडकांच्या पिल्लांनी भरलेलं असतं, आणि त्या टॅडपोलना अजून पाय फुटलेले नसतात. बांध उघडला की पाण्याबरोबर तीही जातात, उरलेली चिखलात सुकतात. तसंच पाणकिड्यांच्या अळ्यांचं. दहा-पंधरा दिवसांचा फरक, पण तेवढ्याने वर्षाचे बेडूक जातात. बेडूक गेले की बलाकाचं खाणं गेलं.

तोयोओकात २००३ च्या सुमारास जेमतेम पाऊण हेक्टरवर जी भातपद्धत सुरू झाली, तिला बलाक वाढवणारी शेती असं नाव मिळालं. तिचा गाभा हा: पाणी तोडायचं, पण बेडकांना पाय फुटल्यावर. शेतकरी खाचरात वाकून टॅडपोल पाहतो, मागचे पाय आले का, पुढचे आले का, आणि मग बांधाला हात लावतो. शेतीखात्याच्या पत्रकातली तारीख बाजूला ठेवून बेडकाच्या पायांवर पाण्याचा निर्णय सोपवणं, हे मला या प्रकरणातलं सर्वांत धाडसाचं पाऊल वाटतं. पक्षी सोडण्यापेक्षाही.

बाकीचे नियम त्याभोवती जुळत गेले. रासायनिक कीटकनाशक एकतर नाहीच किंवा नेहमीपेक्षा खूप कमी. लावणीच्या महिनाभर आधीपासून पाणी. लावणीनंतर पाणी खोल ठेवायचं, म्हणजे तण दबतं. आणि हिवाळ्यातही खाचरात पाणी. हे शेवटचं ऐकून कुठल्याही शेतकऱ्याच्या कपाळावर आठी पडेल, कारण हिवाळ्यात जमीन वाळवायची हे पिढ्यान्‌पिढ्यांचं शिकणं. पण पाण्याखाली पेंढा आणि कोंडा कुजतो, त्यावर गाळातले बारीक गांडूळवर्गीय किडे पोसले जातात, आणि त्यांच्या उलथापालथीने वर मऊ लोण्यासारखा थर जमतो. तिथले शेतकरी त्याला तोरोतोरो थर म्हणतात, शब्दातच तो बुळबुळीतपणा आहे. तणाचं बी या थराखाली गाडलं जातं आणि उगवत नाही. तणनाशक नसताना हा थर म्हणजे फुकटचा मजूर.

नाल्याच्या भिंतीचं काय? खाचर आणि नाला यांच्यामध्ये माशांसाठी चढणी बसवल्या गेल्या, उतरत्या पन्हाळीसारख्या, म्हणजे लोच आणि मागूर पुन्हा वर येऊन खाचरात अंडी घालू शकतील. जपानमध्ये जास्तीचं भात होऊ नये म्हणून काही खाचरं पिकाबाहेर ठेवली जात. त्यांतली काही वर्षभर पाण्याखाली ठेवायला शेतकऱ्यांना पैसे दिले गेले.

हे सगळं प्रेमापोटी झालं असं लिहायचा मोह टाळायला हवा. बलाकाची आठवण शेतकऱ्यांच्या मनात गोड नव्हती. नुकती लावलेली रोपं तुडवणारा पक्षी म्हणून त्याला हाकलत असत. नव्या पद्धतीत तण काढायचं कष्ट जास्त, सुरुवातीला उत्पन्न कमी, आणि शेजाऱ्याच्या खाचरात पाणी झिरपलं तर भांडण वेगळं. हे सगळं पेललं ते भावामुळे. या पद्धतीचा तांदूळ सहकारी संस्थेने नेहमीपेक्षा चढ्या भावाने घेतला, आणि अजिबात औषध न वापरलेला तर आणखी चढ्या. नगरपालिकेने २००५ मध्ये आपलं धोरणच असं आखलं की पर्यावरणाचं काम पैसा मिळवून देणारं असावं, म्हणजे ते अनुदान संपल्यावर थांबत नाही. शाळकरी मुलांनी महापौरांकडे जाऊन शाळेच्या जेवणात हाच भात मागितला, आणि तो मिळाला. पाऊण हेक्टरपासून सुरू झालेली ही शेती पुढे काही शे हेक्टरवर गेली. मुलांच्या मागणीची गोष्ट हृद्य आहे, पण मला त्यातला व्यवहार महत्त्वाचा वाटतो: शाळेचं जेवण म्हणजे ठरलेलं गिऱ्हाईक.

यात मला एक कच्चा दुवा दिसतो, तोही लिहून ठेवतो. चढा भाव पक्ष्याच्या नावावर मिळतो. पक्ष्याचं नवल ओसरलं, किंवा शेत करणारे म्हातारे झाले आणि मागे कोणी आलं नाही, तर खाचरातलं पाणी कोण सांभाळणार? तण काढायला माणूस लागतो, आणि जपानच्या खेड्यांत माणूसच कमी होतोय.

पूर, मग पेट्या उघडल्या

ऑक्टोबर २००४ मध्ये चक्रीवादळाने मारुयामा नदीचा बांध फुटला आणि तोयोओका पाण्याखाली गेलं. पक्षी सोडायला वर्षही उरलं नव्हतं. घरं बुडालेल्या लोकांसमोर बलाकाचं नाव काढणं सोपं नव्हतं. नदीचं पात्र मोठं करायचं काम निघालं, आणि तिथे अभियंत्यांनी शहाणपण दाखवलं: नदीकाठची उंच सपाटी खोल न खणता उथळ, पसरट खणली. पुराच्या पाण्याला जागा झाली, आणि एरवी तिथे घोटाभर पाणी राहू लागलं. पूरनियंत्रणाच्या पैशातून पाणथळ झाली. वेगळा निधी मागत बसले असते तर ती कधी झाली असती, देव जाणे.

२४ सप्टेंबर २००५ रोजी पाच पक्षी सोडले गेले. राजपुत्र आकिशिनो दांपत्य आलं होतं, हजारो लोक जमले होते, लाकडी पेट्या उघडल्या आणि पक्षी उडाले. त्याआधी मोठ्या पिंजऱ्यात त्यांचा सराव झाला होता, उडण्याचा, जिवंत भक्ष्य पकडण्याचा, एकमेकांत राहण्याचा. पुढे समारंभाशिवायची दुसरी पद्धतही वापरली गेली. खाचरांच्या मधेच बिनछताचा पिंजरा, त्यात पंखाची पिसं कापलेली जोडी. जोडी तिथेच वीण करते, पिल्लं मोठी होऊन आपोआप उडून जातात आणि आजूबाजूचा परिसर हेच त्यांचं माहेर होतं. गाजावाजा नाही, पण पिल्लांच्या दृष्टीने मला हीच पद्धत जास्त बरी वाटते.

जुने पाइन उरले नव्हते म्हणून बारा-तेरा मीटर उंच खांबांवर कृत्रिम घरटी उभारली गेली. अशाच एका खांबावर २० मे २००७ रोजी पिल्लू बाहेर आलं, आणि ३१ जुलैला ते उडालं. जपानच्या मोकळ्या आभाळात सेहेचाळीस वर्षांनी उडालेलं पहिलं पिल्लू. मधल्या चुकांची यादी मोठी असणार, पण एक ठळक आहे. केंद्रातल्या उघड्या पिंजऱ्यांत पाळीव पक्ष्यांना घातलेलं खाणं सोडलेले पक्षीही येऊन खात. आयता अर्धा किलो मिळतोय तर शेतात वणवण कोण करेल? हे खाणं टप्प्याटप्प्याने कमी करावं लागलं. पक्षी जगतोय आणि पक्षी स्वतःच्या पायावर उभा आहे, या दोन वेगळ्या गोष्टी. नुसतं डोकी मोजून त्यातला फरक कळत नाही.

खोऱ्याबाहेर

बलाक हद्दीचा पक्का. एका जोडीच्या परिसरात दुसरी खपत नाही. त्यामुळे तोयोओकाचं खोरं भरत गेलं तशी तरुण पक्ष्यांना बाहेरची वाट धरावी लागली. मारुयामाचं खालचं खोरं आणि भातखाचरं २०१२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली. २०१३ मध्ये पक्षी पाळणाऱ्या देशभरातल्या संस्थांनी एकत्र येऊन जोड्यांचं आणि वंशावळीचं नियोजन हाती घेतलं, कारण मोजक्या पूर्वजांपासून वाढलेल्या थव्यात नात्यातल्या जोड्या जुळायला वेळ लागत नाही. २०१५ मध्ये चिबा आणि फुकुई प्रांतांतही पक्षी सोडले गेले. काही ठिकाणी पक्ष्यांनी कुणाला न विचारता संसार मांडला. तोकुशिमा प्रांतात नारुतोच्या कमळाच्या शेतांत एका जोडीने घरटं केलं आणि २०१७ मध्ये तिथून पिल्लं उडाली. कमळाच्या कंदांसाठी तिथे पाणी असतंच. रानातले पक्षी २०१७ मध्ये शंभरावर, २०२० मध्ये दोनशेवर आणि २०२२ मध्ये तीनशेवर गेले. तीनशे पक्षी म्हणजे रोज दीडशे किलो जिवंत खाणं, आणि ते आता एका खोऱ्याच्या नव्हे, देशभरच्या शेतकऱ्यांच्या पाण्यावर.

त्या शेतकऱ्यांनी तोयोओकासारखी वीस वर्षं काढलेली नाहीत. शिमाने प्रांतातल्या उन्नानमध्ये २०१७ च्या वसंतात एका जोडीने घरटं केलं, चार पिल्लं झाली. मे महिन्यात त्या भागात भातरोपं तुडवणाऱ्या बगळ्यांना मारायचं काम परवान्याने सुरू होतं, आणि एका शिकाऱ्याने बगळा समजून मादीवर गोळी झाडली. पाय लांब, अंग पांढरं, शेतात उभी. नावाचा तो जुना घोळ इथे बंदुकीच्या टोकाला आला. तोयोओकात पक्ष्यांच्या पायात रंगीत कडी घातलेली असतात, पण दूरवरून कडी कुठे दिसतात? एकट्या नराला चार पिल्लं पोसणं शक्य नव्हतं, म्हणून पिल्लं घरट्यातून काढून तोयोओकाला नेली, केंद्रात वाढवली, आणि जुलैमध्ये परत उन्नानलाच आणून सोडली. नर तिथेच राहिला होता. पुढच्या वर्षी त्याला दुसरी मादी मिळाली, आणि त्या घरट्यातून पुन्हा चार पिल्लं उडाली.